निकाल पंचांचा, धूळ आपली

बैलगाडा शर्यतीला निघालेल्या माणसाला सगळ्यांत आधी लागतं ते घरी सांगायला कारण. आमच्या वडूजच्या भागात ही कारणं बापाकडून मुलाकडं वारसाहक्कानं येतात. आल्याचं बेणं बघून येतो, तहशिलीत उताऱ्याचं काम आहे, पाहुण्यांकडं पोरीचं बोलायला बोलावलंय. आमच्या आबांचं, म्हणजे थोरल्या चुलत्यांचं, भरवशाचं कारण हे शेवटचं. त्या काळात आमच्या अख्ख्या भावकीत लग्नाची पोरगी नव्हती. काकी हे जाणून होत्या. त्या एवढंच म्हणायच्या, "बोलायला जाताय तर जुना पटका बांधा. बोलण्यात धूळ लई उडती."

७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवर बंदी आणली आणि सगळाच व्यवहार उलटा झाला. घरी खरं सांगायचं आणि वाटेत पोलिसांना खोटं. बंदी काही उगाच आली नव्हती. टोचणी लावणारे, शेपटी पिरगाळणारे, बॅटरीचा झटका देणारे महाभाग मैदानात होते आणि त्यांना टाळ्याही पडत होत्या. बैलाला कोर्टात जाता येत नाही, म्हणून त्याच्या वतीनं कुणीतरी गेलं. पण आमच्या तालुक्याला हे पटायला वेळ लागला. २०१७ साली विधिमंडळानं कायदा बदलला, तो उच्च न्यायालयात अडकला. पुढची वर्षं बैल दावणीला आणि मालक वकिलाच्या दाराला. १६ डिसेंबर २०२१ ला अटी घालून परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं त्यावर शिक्का मारला. घटनापीठ म्हणजे काय हे दहावीच्या पोरांना नागरिकशास्त्राच्या तासाला कळत नाही, पण आमच्या पारावर बसणाऱ्यांना ते पक्कं ठाऊक आहे. आबा समजावून सांगतात, "एक जज म्हंजे गट. तीन जज म्हंजे सेमी. पाच जज म्हंजे फायनल. त्याच्या फुडं मैदानच न्हाय."

बंदीच्या काळातला एक प्रसंग तर आटपाडी तालुक्यातली माणसं अजून रंगवून सांगतात. ऑगस्ट २०२१ मध्ये झरे गावात आमदार गोपीचंद पडळकरांनी बंदी असताना शर्यत जाहीर केली. प्रशासनानं जमावबंदी लावली, रस्त्यारस्त्यावर नाके बसवले. तरीही पहाटेच, ठरलेलं मैदान बाजूला ठेवून, वाक्षेवाडीच्या पठारावर गाड्या पळाल्या. त्यावर कायद्याच्या अंगानं बोलणारे बोलले, राजकारणाच्या अंगानं बोलणारे त्याहून जास्त बोलले. बघ्याची बाजू मात्र कुणी मांडली नाही. ती आबांनी ओट्यावर बसून मांडली. "भल्या पाटं पळवून काय उपेग? आरं, दिसलं काय कुणाला?"

तर असा हा आमचा नाद बंदीतून बाहेर आला आणि आम्ही पुन्हा पुसेगावला निघालो. वडूजच्या माणसाला शर्यतीसाठी लांब जावं लागत नाही. पेडगाव हाकेवर, तिथलं हिंदकेसरीचं मैदान गाजतं. पण पुसेगावची गोष्ट वेगळी. मार्गशीर्षात तिथं सेवागिरी महाराजांची यात्रा भरते. रथावर भाविक नोटांच्या माळा चढवतात, इतक्या की रथाचं लाकूड दिसत नाही. खिलार जनावरांचा बाजार भरतो. त्याच यात्रेत बैलगाड्यांचं मैदान होतं. देवाला नोटा वाहून झाल्या की उरलेल्या बैलावर लावता येतात, अशी सोय आहे. तशी पैज लावणं बेकायदा आहे, त्यामुळं तिथं कुणीच लावत नाही, आणि तरीही संध्याकाळी काही माणसं चालत घरी जातात.

निघताना वाहनाचा प्रश्न आला. माझ्याकडं जुनी स्प्लेंडर. पुतण्याकडं ती नवीन, पुढं वाकून चालवायची गाडी, जिचं मागचं सीट आभाळात असतं. तो कराडला इंजिनिअरिंगला आहे आणि मोटारसायकलच्या शर्यतींचा त्याला आबांना बैलांचा आहे तेवढाच नाद. आबा सत्तरी कधीच ओलांडून गेलेले. मी म्हटलं, "आबा, माझ्या मागं बसा, सीट सपाट आहे." त्यांनी स्प्लेंडरकडं बघितलं, पोराच्या गाडीकडं बघितलं आणि म्हणाले, "तुझा बैल म्हातारा झालाय."

धोतर आवरून ते त्या उंच सीटवर चढले. मागून बघताना दोघांतला चालवणारा कोण ते कळत नव्हतं. पुतण्या खाली वाकलेला आणि त्याच्या वर आबा ताठ, दोन्ही मुठींत त्याच्या जाकिटाचे खांदे. आबा एकेकाळचे गाडी हाकणारे. आमच्याकडं त्याला ड्रायव्हर म्हणतात, आणि गावात बस चालवणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा त्याला मान जास्त. खटाव मागं पडेपर्यंत ते गप्प होते. पुढं एका वळणावर त्यांनी पुतण्याचा डावा खांदा असा काही ओढला, की गाडी थेट ज्वारीत शिरायची राहिली. "आत घे, आत घे, भायेरची फाटी सोड!" पुतण्या ओरडला, "आबा, हँडल माझ्याकडं आहे!" आबा म्हणाले, "मग हाण की."

वाटेत आम्हाला बैलांनी ओव्हरटेक केलं. बैल आता पिकअपमधून येतात. खाली गवताची गादी, अंगावर झूल, चारी बाजूंनी बांबू, मागं काचेवर बैलाचं नाव आणि त्याखाली त्याचे विजय. पूर्वी माणूस बैलगाडीत बसून शर्यतीला जायचा आणि त्याच बैलांना पळवायचा. आता बैल चारचाकीत आणि माणूस दुचाकीवर, थंडीत डोळ्यांतून पाणी काढत. एका पांढऱ्याशुभ्र खोंडानं पिकअपमधून मान वळवून माझ्या स्प्लेंडरकडं जी नजर टाकली, ती आमच्या साहेबांनी माझ्या रजेच्या अर्जाकडं टाकलेल्या नजरेच्या तोडीची होती.

मैदानाच्या अलीकडंच पार्किंग. डिसेंबरातल्या मोकळ्या रानात नजर जाईल तिथवर मोटारसायकली. पुतण्या थांबून बघतच राहिला. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपीची शर्यत झाली तेव्हा हा पठ्ठ्या रेल्वेनं जाऊन आला होता. म्हणाला, "काका, तिथं ट्रॅकवरसुद्धा एवढ्या गाड्या नव्हत्या." मी म्हटलं, "तिथल्या गाड्या परत निघताना एकमेकींत अडकत नसतील." रानाच्या मालकानं दोरी बांधून गाडीमागं पैसे घ्यायला सुरुवात केली होती. त्या रानात आल्याचं पीक घेतलं तर भाव मिळेल की नाही सांगता येत नाही. पार्किंगचं पीक मात्र हमखास येतं, आणि त्याला पाणीही लागत नाही. दुष्काळी तालुक्यात याहून चांगली शेती मला माहीत नाही.

आता मैदानाबद्दल. पुण्याकडं घाट असतो. चढावर एका वेळी एकच गाडा सुटतो, पुढं घोडी पळते आणि घड्याळात सेकंद मोजतात. विदर्भात शंकरपट. आमच्याकडं सपाट मैदान, त्यात आखलेल्या फाट्या, म्हणजे पळायच्या पट्ट्या, आणि एका गटात सहा-सात छकडे एकदम सुटतात. गटात पहिला आला तो सेमीला, तिथून फायनलला. नाव नोंदवून टोकन घ्यायचं, चिठ्ठीत गट आणि फाटी निघते. पुतण्यानं लगेच तुलना मांडली. इंग्लंडजवळच्या आयल ऑफ मॅन बेटावर १९०७ पासून मोटारसायकलची टीटी शर्यत होते. साध्या गावच्या रस्त्यावर, साठ किलोमीटरचा एक फेरा, आणि स्वार एकामागून एक दहा-दहा सेकंदांनी सुटतात. लढत घड्याळाशी. "म्हणजे आबा, पुण्याचा घाट ही टीटी आणि आपलं मैदान म्हणजे मोटोजीपी." त्यानं फोनवर टीटीचा व्हिडिओ दाखवला. लोक रस्त्याकडेच्या दगडी भिंतीवर बसलेत, एक गाडी सूं करून जाते, लोक पुन्हा वाट बघत बसतात. आबांनी डोळे बारीक करून बघितलं. "धूळ कुठाय?" "डांबरी रस्ता आहे आबा." "मग गाडी गेल्याली कशी कळती?"

हा प्रश्न वाटतो तितका अडाणी नाही. आमच्या मैदानात बघ्याला नक्की काय दिसतं, ते एकदा जवळून सांगितलंच पाहिजे.

आम्ही सुटायच्या जागेपाशी शिरलो. समोरच्या छकड्याला उजवीकडं एक थोराड जुळलेला बैल, डावीकडं चौसा, म्हणजे चार दातांचा. दोघांच्या कपाळाला भंडारा. थोरला अगदी निवांत, कारण त्याला सगळं माहीत. चौसा मात्र थरथरत होता. त्याच्या मानेवरची कातडी पाण्यावर वारा फिरल्यासारखी हलत होती आणि नाकपुड्यांतून वाफ निघत होती. वेसणीला दोघं लोंबकळलेले. छकडा म्हणजे नावाला गाडी: दोन चाकं, एक दांडी आणि ड्रायव्हरला पाय टेकवायला जेमतेम फळी. ड्रायव्हर विशीतलं पोर, अंगात फुटबॉलचा टी-शर्ट, पायात काही नाही. त्यानं कासरा डाव्या मनगटाला एक वेढा दिला, मग काढला, मग पुन्हा दिला. हातात काठी नाही, चाबूक नाही, कायद्यानं दोन्ही बंद. उरलं फक्त तोंड. त्या तोंडानं तो थोरल्या बैलाच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होता. माझ्या शेजारचा म्हणाला, "मंत्र घालतोय." मी कान देऊन ऐकलं. पोर म्हणत होतं, "हप्ता ऱ्हायलाय रं माझा."

झेंडा पडला. वेसणी सुटल्या. आणि मला समोरच्या माणसाच्या डोक्याची मागची बाजू दिसली.

ही गोष्ट शर्यतीचे शौकीन कधी बोलून दाखवत नाहीत. अर्ध्या मिनिटाच्या आत सगळा कारभार आटपतो. त्यातले पहिले काही क्षण टाचा उंचावण्यात जातात, नंतरचे पुढच्याला "खाली बस की मर्दा" म्हणण्यात, आणि त्यानंतर जे येतं ती धूळ. धुळीतून समालोचकाचा आवाज येतो आणि त्या आवाजावरच माणूस शर्यत बघतो. समालोचक मोठा माणूस. त्याला प्रत्येक बैलाचं नाव, गाव, मागची मैदानं, मालकाचा धंदा पाठ. मध्येच तो हरवलेल्या पोराचं वर्णन सांगतो, मध्येच कुठल्या तरी पाहुण्यांचं स्वागत करतो, आणि तेवढ्या श्वासात पब्लिकला मागं सरकायला सांगतो. पब्लिक मागं सरकतं म्हणजे मागचे पुढं येतात.

आबांचं बघणं मात्र आमच्यासारखं नाही. त्यांना दिसो न दिसो, झेंडा पडला की त्यांचे गुडघे वाकतात, मुठी वळतात आणि हात कासऱ्यावर जातात. कासरा नसल्यामुळं त्या दिवशी त्यांच्या हाताला पुढच्या माणसाचा मफलर लागला. गट निम्म्यावर येईपर्यंत तो माणूस मान मागं टाकून उभा होता. निकालरेषेच्या सुमाराला आबांनी असा शेवटचा हिसका दिला, की त्याची टोपी उडाली. मी माफी मागायला पुढं झालो, तर तो गळा चोळत कौतुकानं आबांकडं बघत होता. "जुनं ड्रायव्हर दिसताय," तो म्हणाला. "डावीकडं वढलं तवाच म्या वळाकलं."

हा गृहस्थ कोइमतूरचा निघाला. म्हणजे मूळ आमच्याच पट्ट्यातला, पण गलाईवाला. विटा, आटपाडी, खटाव, माण इथली माणसं सोनं-चांदी आटवून शुद्ध करायच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. दिवाळीला एक वेळ येणार नाहीत, पण जत्रेला आणि मैदानाला येतात. त्याचा फोन वाजला की तो फर्ड्या तमिळमध्ये सोन्याचा भाव बोलायचा आणि फोन ठेवला की त्याच दमात, "आरं त्यो लखन्या हाय का हरण्या?" त्याच्याकडून एक शेजारची बातमीही कळली. तमिळनाडूतले जल्लिकट्टूवाले आणि आपण एकाच खटल्यात होतो, त्यामुळं निकाल लागला तेव्हा त्याच्या दुकानासमोर तिथल्या लोकांनी त्याला मिठाई भरवली होती. आबांना हे फार आवडलं. "मंजी त्ये आपलं पैरेकरी," ते म्हणाले.

पैरा म्हणजे या खेळाचा सगळा संसार. एका मालकाकडं एक पळणारा बैल असतो, दोन क्वचितच. मग दुसऱ्या गावच्या मालकाच्या बैलाशी त्याची जोडी लावायची. कुठल्या बैलाचा पैरा कुणाबरोबर यावर जेवढी चर्चा, फोन, रुसवेफुगवे आणि मध्यस्थी चालते, तेवढी लग्नात चालली असती तर तालुक्यात एकही पोरगा बिनलग्नाचा राहिला नसता. बैलाच्या जोडीत जात बघत नाहीत, पत्रिका बघत नाहीत, गावची भांडणंही बघत नाहीत. फक्त पळ बघतात. इतका सुधारलेला समाज मला दुसरीकडं कुठं आढळलेला नाही.

खरी गंमत होते बक्षिसाच्या वेळी. पूर्वी बक्षीस म्हणजे ढाल, भांडं, फार तर रोख रक्कम. रोख रक्कम वाटता येते. आता मोटारसायकल देतात. मंडपाच्या दारात हार घातलेल्या नव्या कोऱ्या गाड्या उभ्या असतात आणि बघे गाड्यांचे आरसे बघून भांग पाडतात. पण बैल दोन, मालक दोन, वर ड्रायव्हर, आणि गाडी एक. पुढं त्याहून मोठं दुखणं आलं. २०२३ साली सांगली जिल्ह्यात भाळवणीच्या मैदानात पहिलं बक्षीस होतं थार, आणि ती महिब्या आणि बकासुर या जोडीनं जिंकली. २०२५ च्या नोव्हेंबरात कवठेमहांकाळ तालुक्यातल्या बोरगावला बक्षीस फॉर्च्युनरवर गेलं, आणि ती जिंकणाऱ्या जोडीची नावं होती हेलिकॉप्टर बैजा आणि ब्रेक फेल. पुतण्याचं म्हणणं, ब्रेक फेलला गाडी देताना विमा कंपनीला विचारायला हवं होतं. माझी काळजी वेगळी. बैलानं मिळवलेल्या गाडीत बैल मावत नाही. त्याला त्याच जुन्या पिकअपमधून, त्याच फॉर्च्युनरच्या मागून, हॉर्न ऐकत घरी जावं लागतं.

दुपारनंतर पुतण्यानं भेळ आणली, मी उसाचा रस आणला, आबांनी मैदान सोडलं नाही. गट संपता संपेनात. दोन गटांच्या मधला वेळ हाच खरा खेळ, असं माझं मत होत चाललंय. त्या वेळात समोरच्या ढिगाऱ्यावर बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी एका बैलाची आजीपर्यंतची वंशावळ काढली. त्यांतल्या एकाला नातवाची इयत्ता विचारली, तर तो शेजाऱ्याला म्हणाला, "पाचवी का सातवी रं?" शेजारी म्हणाला, "अजून दुसा हाय. बारकंच हाय त्ये."

फायनल अंधार पडता पडता लागली. गाड्या सुटल्या, धूळ उठली, मफलरवाल्यानं आधीच मफलर काढून खिशात ठेवला होता, म्हणून आबांनी त्याचा शर्ट धरला. रेषेवर दोन छकडे जोडीनं आले. अर्धं मैदान म्हणालं तिसरी फाटी, अर्धं म्हणालं पाचवी. समालोचक म्हणाला, निकाल कॅमेऱ्यात बघून देणार, शांत राहा. त्याबरोबर निम्मं पब्लिक निकालाची वाट न बघता मोटारसायकलींकडं पळालं, कारण अडकून पडायला नको. तेवढ्याचसाठी सगळेच पळाल्यामुळं सगळेच अडकले. त्या रानात जी शर्यत झाली तिला ना फाट्या होत्या ना पंच. चाबूकबंदी तेवढी पाळली गेली. आम्ही निकाल न ऐकताच वडूजला पोचलो.

ओट्यावर शेजारचे निवृत्त गुरुजी फोन घेऊन बसले होते. त्यांनी घरी पांघरुणात बसून यूट्यूबवर सगळं मैदान बघितलं होतं, ड्रोनसकट. "आबा, पाच नंबर फाटी लागली. निकाल झाला." आबा म्हणाले, "तीन नंबर. म्या हुतो तितं." गुरुजी म्हणाले, "अहो, मी बघितलं." आबा म्हणाले, "तेच म्हंतोय म्या. तुमी नुसतं बगितलं." वाद वाढला तसे शेजारचे चार जण जमले. अखेर गुरुजींनी व्हिडिओ मागं घेतला आणि फायनल लावली. गाड्या सुटल्या, कॅमेरा रेषेकडं वळला, आणि पडद्याच्या कोपऱ्यात, दोरीच्या आत, एका अनोळखी माणसाचा शर्ट ओढत, गुडघे वाकवून, पटका सुटलेले आबा दिसले. कुणालाच मग तीन नंबर आणि पाच नंबरची आठवण राहिली नाही. गुरुजींनी तो तुकडा पुन्हा लावला, मग हळू करून लावला. काकी चुलीपासून उठून बघायला आल्या.

आबांनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि परीक्षकाच्या गंभीरपणानं शेवटपर्यंत बघितलं.

"कासरा बरोबर धरलाय," ते म्हणाले. "पर बैल वझ्यानं वाईच जड हुता."